सजावटीचा पैसा तालुक्यातच राहू दे
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आपल्या जोयडा तालुक्यात उगम पावलेली काळी नदी सुमारे १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्राला मिळते. गणेशगुडीला तिच्यावर सुपा धरण झाले. जुने सुपे पाण्याखाली गेले आणि कितीतरी कुटुंबे रामनगरला येऊन राहिली. या नदीने आणि माणसांनी पुष्कळ दिले आहे. म्हणून पर्यावरणाबाबत सभासदांच्या सूचना वाचताना आम्ही एकच प्रश्न पुढे ठेवला : उत्सव झाल्यावर नदीत काय उरते आणि गावात काय उरते?

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहजी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित सूचनांत अशा मूर्तींना आणि थर्माकोलला मनाई केली आहे. पण नियमापेक्षा मोठे कारण म्हणजे खाली दांडेलीकर याच नदीचे पाणी पितात. मातीची मूर्ती महाग आणि नाजूक, ही काहींची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे उंची कमी करणे. दोन फुटांची मूर्ती दोघे सहज उचलतात, खर्चही आटोक्यात राहतो.

मखराऐवजी आपली जुनी माटोळी बांधूया. काकडी, दोडकी, नारळ, सुपारीचे घोस कुणबी घरांकडून रोख पैसे देऊन घ्यावेत. मात्र परसात आणि शेतात पिकलेले तेवढेच. तालुक्याचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे, हौसेपायी रान ओरबाडायचे नाही.

कुणब्यांचे कंद थंडीत निघतात, ते चतुर्थीला मिळणार नाहीत. पण आमच्या भगिनींची सूचना फार मोलाची आहे : संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी करांदे, कोनफळ, मुडली यांचे वाण द्यावे. निम्मे खावे, निम्मे परसात लावावे. अशाने बियाणे घराघरांत टिकेल.

प्रसाद केळीच्या पानावर द्यावा. हारांतले दोरे, जर काढून निर्माल्य खड्ड्यात घालावे.

यंदा वर्गणीच्या हिशेबात एक नवी ओळ घालू : सजावटीच्या खर्चापैकी तालुक्यात राहिलेली रक्कम. पुढच्या वर्षी हा आकडा याच मंडपात सर्वांसमोर वाचून दाखवू.

गणपती बाप्पा मोरया!