उशिरा पोहोचलेला ठोका



ज्या पटांगणावर मी मोठा ड्रम गळ्यात अडकवून चाललो, त्याच्याच शेजारच्या या सभागृहात गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. गुरुजी आपल्याला संगीत शिकवीत आणि शाळेचा बँडही बसवीत. म्हणून आजचा विषय मी बँडचाच निवडला आहे.

प्रारंभी एक जुनी गोष्ट सांगतो. मी आठवीत असताना संचलनाच्या एका स्पर्धेत आमचा बँड मैदानभर पांगून उभा होता. बिगूलवाले परीक्षकांच्या मंडपासमोर आणि मी मागे भिंतीशी, साठ-सत्तर पावलांवर. सर्वांचे डोळे गुरुजींच्या हाताकडे होते. निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, "ड्रम सतत मागे पडत होता." आमचा क्रमांक गेला. परतताना माझ्याशी कोणी बोलेना. तेव्हा गुरुजी जवळ येऊन म्हणाले, "अरे, तू उशीर केला नाहीस. तुझा आवाज उशिरा पोहोचला. चूक मांडणीची, म्हणजे माझी." मी ते सांत्वन समजलो. पुढच्या वर्षी त्यांनी बिगूलवाल्यांना बजावले, "माझ्या हाताकडे पाहू नका, पाठीमागचा ड्रम ऐका." आणि बँड एकजीव झाला.

या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी, नोकरीनिमित्त अमेरिकेत राहत असताना कळला. मुलगा तेथील शाळेच्या बँडमध्ये होता आणि त्याच्यामुळे उन्हाळ्यातील 'ड्रम कोअर' स्पर्धा मी पाहू लागलो. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वजधारी यांची ही तरुणांची पथके. त्यांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली. दहा-बारा मिनिटांचा खेळ, पण त्याची आखणी आदल्या हिवाळ्यातच सुरू होते.

आपल्या कमाटीबागेतील बँडस्टँड आठवा. वादक एका लहान वर्तुळात आणि श्रोते सभोवती. तेथे संगीतरचनाकाराला अंतराचा विचार करावा लागत नाही. अमेरिकन फुटबॉलचे मैदान मात्र १०० यार्ड लांब आणि १६० फूट रुंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ६० मीटर ओलांडण्यास त्याला सेकंदाचा सहावा भाग लागतो. मिनिटाला १६० ठोक्यांची लय असेल, तर दोन ठोक्यांमधील वेळ सेकंदाच्या तीन अष्टमांशाइतका. म्हणजे मैदानाच्या दोन टोकांचे वादक अचूक एकाच क्षणी वाजवूनही श्रोत्याला जवळजवळ अर्ध्या मात्रेचे अंतर ऐकू येऊ शकते!

यावर उपाय तोच, जो गुरुजींनी केला होता. मागचे ढोलवाले पथकनायकाच्या हाताकडे पाहतात. मारिंबा, झायलोफोन, टिंपनी अशी जड वाद्ये अगदी पुढच्या कडेला जमिनीवर मांडलेली असतात. ती वाजवणारे मात्र हाताकडे न पाहता पाठीमागून येणारा ताल ऐकून वाजवतात. मग सर्वांचे आवाज बरोबरीने प्रेक्षकांकडे निघतात. परीक्षकाच्या आसनापाशी जे पोहोचते, तेच तेथे संगीत.

म्हणून संगीत बसवणारा आणि कवायतीचे आराखडे काढणारा यांना एकमेकांविना पाऊल टाकता येत नाही. पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे प्रत्येक पाऊल साडेबावीस इंचांचे, हे सर्वसाधारण माप. लय वाढवून पाऊलही लांबवले की मूल धावू लागते, आणि धावणाऱ्याच्या छातीत दीर्घ स्वरासाठी श्वास उरत नाही. अशा जागी जाणता रचनाकार गतीचे काम ढोलांवर सोपवतो, पितळी वाद्यांना विसावा देतो आणि अवघड तानांसाठी त्यांना थांबवतो. तुतारीचे तोंड प्रेक्षकांकडून मागे वळवले तर तोच स्वर दूरचा, हळवा होतो. जेथे वाद्य हळू वाजवून भागत नाही, तेथे पाठ फिरवून भागते.

दोन उदाहरणे देतो. पूर्वी या पथकांची कवायत मैदानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी, आरशातल्यासारखी असे. न्यू जर्सीच्या गार्फिल्ड कॅडेट्स या पथकासाठी जॉर्ज झिंगाली यांनी ती चौकट मोडली आणि सतत वाहत्या, वक्र, असमान आकृती आखल्या. १९८३ साली ते पथक प्रथमच अजिंक्य ठरले. १९८४ साली त्याच पथकाने लिओनार्ड बर्नस्टाइन यांची 'वेस्ट साइड स्टोरी' मैदानावर आणली आणि पुन्हा विजेतेपद मिळवले. रंगमंचावरची ती पूर्ण संध्याकाळभराची, व्हायोलिनांपासून बासऱ्यांपर्यंत सारी वाद्ये असलेली कृती. येथे हाती केवळ 'जी' स्वरातील बिगुले आणि तालवाद्ये. इतर स्वरांतील पितळी वाद्यांना २००० सालापासूनच मुभा मिळाली. अशा वेळी काय गाळावे, हाच रचनाकाराचा मुख्य प्रश्न असतो. सर्व सुरावटी कोंबल्या तर कृतीचा सारांश होतो, कृती होत नाही.

गाळण्याचा हाच विवेक वादकांच्या बाबतीतही लागतो. शेदीडशे मुलांत सर्वांची तयारी सारखी नसते. कच्च्या मुलाला "नुसते वाद्य तोंडाशी धर, फुंकू नकोस" असे सांगणे सोपे असते. त्याला पेलेल असे, पण खरोखर आवश्यक असे स्वर लिहून देणे कठीण. मुलाच्या बँडमध्ये मी दोन्ही पाहिले. पहिल्या उपायाने त्या दिवसाचे गुण वाचले, दुसऱ्याने पुढच्या वर्षीचा वादक घडला.

मित्रहो, माझ्यासारख्या अभियंत्याने आयुष्यभर आराखडे काढले. काम फसले की प्रथम कारागिराकडे बोट दाखवण्याचा मोह मलाही झाला आहे. अशा प्रत्येक वेळी पटांगणावरून परतणारे गुरुजी मला आठवले. मागच्या रांगेतील मुलगा उशीर करतो असे वाटले, तर आधी तो कोठे उभा केला आहे हे पाहावे. त्याला तेथे कोणी उभे केले, हेही पाहावे. आज येथे बसलेल्या शिक्षकांच्या वर्गांतही मागची रांग असेलच.

त्या मुलाचा ठोका वेळेवरच पडत होता. ते ओळखणारा एक मनुष्य या शाळेत होता, म्हणून मी पुढेही वाजवत राहिलो.