लोह आहे कुठे?



या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आजच्या भाषणासाठी मी एकच विषय निवडला आहे, तो म्हणजे शरीरातलं लोह. रक्तवाढीची गोळी आपण सगळेच रोज लिहून देतो. हिमोग्लोबिन वाढलं की विषय मिटला असं समजतो. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि इतर जुनाट आजारांत तो तिथे मिटत नाही. लोह किती आहे याबरोबरच ते कुठे आहे, हे विचारावं लागतं. आज मला एवढंच सांगायचं आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सारं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. त्यातलं सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं. आतडं रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषतं. नव्या रक्तपेशींना मात्र रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं आणि ते जुन्या तांबड्या पेशी मोडून मिळतं. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. म्हणून सगळं नियंत्रण शोषणावर आणि साठ्यातून लोह सोडण्यावर चालतं. हे काम यकृतातलं हेप्सिडिन करतं. शरीरात दाह सुरू झाला की हेप्सिडिन वाढतं आणि लोह पेशींतच अडकून पडतं. कोठार धान्याने भरलेलं, पण दाराला कुलूप आणि घरातली माणसं उपाशी, अशी ही अवस्था असते. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, कॅन्सर अशा दीर्घ आजारांतल्या रक्तक्षयामागे बहुतेक वेळा हेच घडत असतं.

लोह आणि हृदय यांचं नातं प्रथम चर्चेत आलं ते वेगळ्याच बाजूने. पाळी जाण्याआधी स्त्रियांना हृदयविकाराचा झटका पुरुषांपेक्षा कमी का येतो, याचं उत्तर अमेरिकेतल्या जेरोम सुलिवन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पाळीमुळे स्त्रीच्या शरीरात लोह साठत नाही आणि तेच तिचं रक्षण करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९२ साली पूर्व फिनलंडमधल्या १,९३१ पुरुषांच्या अभ्यासात २०० किंवा त्याहून जास्त फेरिटिन असलेल्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला आणि या कल्पनेला बळ मिळालं. पण पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या १,२७७ रुग्णांपैकी काहींचं ठरावीक काळाने रक्त काढून लोह कमी करण्यात आलं. २००७ साली त्याचा निकाल आला, तेव्हा एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे झटका टाळायला रक्त काढा, असा सल्ला आज कुणाला देता येणार नाही.

आता हार्ट फेल्युअरकडे पाहू. इथे प्रश्न उलटा आहे. या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना लोहाची कमतरता असते. हृदयाचा स्नायू क्षणभरही थांबत नाही आणि त्याच्या मायटोकॉन्ड्रियांना ऊर्जा तयार करायला लोह लागतं. एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. साठीची बाई, जिना चढताना धाप, पायावर सूज, हिमोग्लोबिन १२.४. ‘रक्त ठीक आहे’ म्हणून आपण पान उलटतो. त्याच पानावर फेरिटिन ६२ आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन १३ टक्के असेल, तर या बाईला लोह कमी पडतं आहे. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, हा निकष आहे. अशा ४५९ रुग्णांना शिरेतून लोह देऊन केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. लोह मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांनी बरंच बरं वाटत असल्याचं सांगितलं. न मिळालेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. रक्तक्षय असो वा नसो, फायदा दिसला. पुढच्या मोठ्या चाचण्यांतून पुन्हा भरती होण्याचं प्रमाण घटण्याची आशा मिळाली, पण मृत्यू टळतात असं ठामपणे म्हणता येत नाही. गोळ्यांचं काय? २०१७ साली १६ आठवडे तोंडाने लोह देऊन पाहिलं, पण रुग्णांची श्रम करण्याची क्षमता वाढली नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांबाबत ब्रिटनमधल्या डायलिसिसवरच्या २,१४१ जणांचा अभ्यास २०१९ साली आला. वेळेवर, मर्यादा ठरवून शिरेतून भरपूर लोह दिलेल्या गटात मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअरसाठीची भरती यांचं एकत्रित प्रमाण कमी होतं. मधुमेहाबद्दलही एक सावधगिरी हवी. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खरी साखर तितकी नसतानाही वाढलेलं दिसू शकतं.

पण लोह नेहमीच मित्र नसतं. थॅलेसेमियाच्या वॉर्डात जाऊन पाहा. आठ-नऊ वर्षांचं मूल पलंगावर वही घेऊन बसलेलं असतं आणि वर रक्ताची पिशवी लटकत असते. त्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह त्याच्या शरीरात जातं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. ते यकृतात, ग्रंथींत आणि शेवटी हृदयात साठतं. या मुलांना गमावण्याचं मोठं कारण हृदयातलं हे लोहच असतं. लोह बाहेर काढणारी औषधं नियमित मिळाली, तर हेच मूल मोठं होतं, शिकतं, नोकरीला लागतं. सिंधी, कच्छी, लोहाणा अशा समाजांत या दोषाचे वाहक अधिक आढळतात. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला होणारी साधी तपासणी या घरांवरचं संकट टाळू शकते. लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि पेशी लहान असतील, तर गोळ्यांचा डोस वाढवण्याआधी ही तपासणी सुचवा.

मित्रहो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. घरातल्या सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवायला बसणारी, जेवणानंतर लगेच चहा घेणारी, पोट बिघडतं म्हणून गोळी बंद करणारी ही स्त्री आपल्याच ओपीडीत येते. चहा जेवणापासून लांब ठेवायला सांगा, ताटात लिंबाची फोड ठेवायला सांगा. गोळी सोसत नसेल तर एक दिवसाआड द्या. रोजच्या डोसाने हेप्सिडिन वाढतं आणि पुढच्या डोसाचं शोषण घटतं, असं दिसून आलं आहे.

माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे. हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन हे दोन आकडे आलेच पाहिजेत. फेरिटिन दाहातही वाढतं, हे कोविडच्या काळात आपण पाहिलं. म्हणून तो आकडा एकटा वाचू नका. कमतरता दिसली तर ती कशामुळे झाली, रक्त कुठून जातं आहे, हे शोधा. विशेषतः पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत पोट व आतडं तपासल्याशिवाय थांबू नका. पुढच्या वर्षी आपण इथे जमू, तेव्हा प्रत्येक जिल्ह्याने आपल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांपैकी कितीजणांची फेरिटिन आणि सॅच्युरेशनची तपासणी झाली, याचा अहवाल आणावा, असा ठराव मी या व्यासपीठावरून मांडतो. आपण तो मंजूर कराल आणि आपापल्या दवाखान्यात उद्यापासून अमलात आणाल, असा मला विश्वास आहे.