गाडीचे तेल जाते कोठे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत शाळामास्तराने शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. कार्यकारी मंडळाने मात्र आम्हांस ट्रस्टच्या जुन्या अँबॅसिडर गाडीविषयी बोलावयास सांगितले आहे, आणि त्यास कारणही आहे. गेल्या वार्षिक सभेत या गाडीच्या खर्चाच्या वहीवरून पुष्कळ चर्चा झाली. पेट्रोल भरमसाट लागते, एंजिनात दर पंधरा दिवसांस लिटरभर तेल घालावे लागते, आणि शेडमधल्या फरशीवर पाहावे तर रात्रीतून चारपाच थेंब. मग बाकीचे तेल जाते कोठे? प्रश्न गणिताचा होता, परंतु त्याचा रोख गाडी चालविणाऱ्या माणसाकडे वळला. बावीस वर्षे रोग्यांची ने-आण करणारे आपले ड्रायव्हर चाचा त्या वेळी दाराशीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली चिटणिसांच्या टेबलावर आणून ठेवली.

तेव्हा मंडळाने ठरविले की, गाडी भंगारात द्यावी, एंजिन नव्याने बांधून घ्यावे, की चाचांची चौकशी करावी, हे ठरविण्याआधी तेल जाते कोठे ते एकदा नीट पाहावे. आम्ही शाळेत पदार्थविज्ञान शिकवितो, म्हणून हे काम आमच्या गळ्यात पडले. जोडीला येथल्या उद्यमबागेतील एक वयस्क मिस्त्री होते. आम्ही त्यांस उस्ताद म्हणतो, ते आम्हांस मास्तर म्हणतात. आणि एंजिनाच्या बाबतीत शिष्य कोण हे दोघांसही ठाऊक आहे.

गाडी १९८४ सालची, १४८९ सी.सी.च्या पेट्रोल एंजिनाची. या एंजिनाचे मूळ घराणे इंग्लंडातील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ साली अँबॅसिडर निघणे बंद झाले, तरी तिचे सुटे भाग अजून हुडकले तर सापडतात. आपल्या गाडीत आणखी एक खोड होती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की एंजिन थरथरे आणि बंद पडे. मिस्त्री लोकांच्या भाषेत, गाडी स्लोला धरीत नसे. एका गॅरेजने मॅनिफोल्डचे पॅकिंग दोनदा आणि टॅपेट कव्हरचे तीनदा बदलले होते. दुसऱ्याने सरळ बोअरिंगचा अंदाज लिहून दिला होता.

पुस्तकांत हवेच्या गळतीचे प्रकरण वेगळे असते आणि तेलाच्या गळतीचे वेगळे. आमच्या मते जुन्या एंजिनापुढे ही दोन्ही प्रकरणे एकदम उघडून बसले पाहिजे. पिस्टन खाली उतरताना हवा ओढतो. पाय काढला की कार्बोरेटरमधली पाकळी मिटते, हवेची वाट जवळजवळ बंद होते, पण पिस्टन ओढतच असतो. त्यामुळे कार्बोरेटरपासून व्हॉल्वपर्यंतच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. यालाच व्हॅक्यूम म्हणतात. इकडे पिस्टनच्या रिंगांमधून जळका वायू थोडाथोडा खाली तेलाच्या चेंबरमध्ये निसटत असतो, आणि तेथे दाब चढू पाहतो. म्हणजे वरच्या अंगास ओढ आणि खालच्या अंगास रेटा. ओढीच्या जागी भोक पडले तर बाहेरची हवा आत शिरते. रेट्याच्या जागी सांधा सैल झाला तर तेल बाहेर येते. परंतु ओढीच्या जागी पडलेल्या भोकाच्या पलीकडे तेलच असेल तर? तर ते आत ओढले जाऊन जळून जाते, आणि फरशीवर एक थेंबही पडत नाही. ही तिसरी शक्यता त्या सभेत कोणी बोलून दाखविली नव्हती.

उस्तादांनी बिस्मिल्ला म्हणून बॉनेट उघडले आणि मॅनिफोल्डला व्हॅक्यूमचा काटा जोडला. काटा अकरा इंचांवर स्थिर राहिला. पुस्तक म्हणते, निरोगी एंजिनाने स्लोवर सतरा ते एकवीस इंच पारा दाखवावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ती पुस्तके समुद्रसपाटीवरच्या वाचकांसाठी लिहिलेली असतात. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो, तो येथे सुमारे ६९५ भरतो. काट्यावर अडीच इंच आपोआप कमी होतात. येथल्या एंजिनाने पंधरा-सोळा दाखविले तर त्याची प्रकृती उत्तम समजावी, आणि तीच गाडी चोर्ला घाट उतरून पणजीस गेली की काटा आपला आपण वर चढतो. हे न जाणता पुष्कळ चांगली एंजिने येथे उगाच खोलली गेली असतील. परंतु अकरा म्हणजे येथेही कमीच. काटा थरथरता असता तर एखाद्या व्हॉल्वचा संशय घेतला असता. स्थिर आणि कमी, याचा अर्थ टायमिंग तरी मागे पडले आहे, नाही तर हवा शिरते आहे. टायमिंग तपासले, ते बरोबर होते.

हवा शिरते कोठे, हे हुडकण्यास पुष्कळ लोक चालू एंजिनावर पेट्रोल शिंपडतात. कृपा करून कोणीही असे करू नये. उदबत्तीचा धूर धरण्याची युक्तीही कोणी कोणी सांगतात. जेथे पेट्रोलची वाफ आहे तेथे निखारा नेणे हा शहाणपणा नव्हे. उस्तादांची रीत जुनी आहे. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावयाचे आणि दुसरे सांध्यासांध्यावरून फिरवावयाचे. भोकाशी आले की सापाच्या फूत्कारासारखा आवाज येतो. मग लहान पिचकारीने तेथे साधे पाणी सोडावयाचे. पाण्याने भोक क्षणभर बुजते आणि एंजिनाचा सूर पालटतो. हात आणि बाह्या पंख्यापासून दूर ठेवाव्या, हे सांगावयास नकोच. रबरी नळ्या एकेक चिमटून पाहाव्या. जुनी नळी दिसावयास धड असते, परंतु पिळली की चिरा उघडतात. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉल वीस टक्क्यांवर गेले आहे. जुन्या रबरास ते मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्या.

दोनदा बदललेले मॅनिफोल्डचे पॅकिंग निर्दोष निघाले. फूत्कार निघाला कार्बोरेटरच्या अंगातून. मिटणारी पाकळी ज्या पितळी दांडीवर बसविलेली असते, ती दांडी चाळीस वर्षे फिरून आपल्या भोकात सैल झाली होती. बोटाने हलविली तर हलत होती. तेथे पाण्याचे दोन थेंब सोडताच एंजिन सावरले. पॅकिंग कितीही बदलले असते तरी हे भोक बुजणार नव्हते. उद्यमबागेतील एका लेथवर भोक मोठे करून त्यात पितळेचे बुश बसविले. एका सकाळचे काम.

पेट्रोलच्या खर्चाचाही उलगडा येथेच झाला. सिग्नलवर गाडी बंद पडू नये म्हणून चाचा चोक अर्धा ओढून चालवीत. मागे रोगी असताना त्यांनी दुसरे करावे तरी काय? चोक ओढला की पेट्रोल जास्त जाते, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरवरून उतरून चेंबरातल्या तेलात मिसळते. तेल पातळ होते, आणि पातळ तेल सांध्यांतून अधिक पाझरते. हवेच्या गळतीने तेलाची गळती वाढविली ती अशी.

आता बाहेरच्या तेलाकडे वळू. तेल जेथून टपकते तेथूनच गळते असे मानणे ही यातली नेहमीची फसगत आहे. चालत्या गाडीत पंख्याचा वारा तेल मागे नेतो, आणि वजन त्यास खाली नेते. पुढे वर सुटलेली धार मागे खाली टपकते. म्हणून रॉकेल आणि ब्रशने एंजिन अगोदर स्वच्छ धुवावे, वाळू द्यावे, संशयाच्या जागी तोंडास लावावयाची पावडर फुंकावी, आणि थोडी गाडी चालवून ओल प्रथम कोठे उमटते ते वरून खाली, पुढून मागे पाहत यावे. अलीकडे तेलात घालावयाचा रंगही मिळतो. दुकानदार नोटा तपासावयास जो जांभळा दिवा ठेवतात तसल्या दिव्याखाली तो चमकतो.

आमच्या पावडरीवर ओल एका जागी उमटली नाही, चार जागी उमटली. टॅपेट कव्हर, बाजूच्या दोन्ही झाकण्या आणि चेंबरची कड. चार पॅकिंगे एका दिवशी जात नाहीत. उस्ताद म्हणाले, "मास्तर, पोट फुगलंय हिचं." तेल भरण्याचे झाकण काढून तोंडावर पतंगाचा कागद धरला, तो फडफडत वर उडाला. चेंबरातला वायू बाहेर पडण्यास एंजिनाच्या बाजूला एक नळी असते. तिच्यातली जाळी ताकासारख्या पांढुरक्या गाळाने बुजून गेली होती. आपली गाडी वस्तीतून इस्पितळात आणि इस्पितळातून वस्तीत, अशा दोनतीन किलोमीटरच्या खेपा करते. एंजिन पुरते तापत नाही, आत जमलेले पाणी उडून जात नाही, आणि तेलाशी घुसळून त्याचा हा गाळ होतो. (दुसऱ्या एका गाडीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले आम्ही पाहिले आहे.) वायूची वाट बंद झाली, म्हणून तो सांध्यांतून तेल ढकलीत होता. जाळी धुतली, नळी मोकळी केली. कव्हरांचे नट पूर्वी इतके आवळलेले होते की पत्रा वाकून कॉर्क बाहेर आला होता. पत्रा लाकडी ठोकळ्यावर सरळ केला, नवा कॉर्क बसविला आणि नट बेताने आवळले.

हे करण्यापूर्वी मात्र आम्ही एक मोजमाप करून ठेवले होते. एंजिनाखाली पत्र्याचे ताट बांधून त्यात कोरडे फडके ठेवले आणि खानापूरपर्यंत जाऊन आलो. बावन्न किलोमीटर झाले. शाळेच्या तराजूत फडक्याचे वजन छत्तीस ग्रॅमने वाढलेले भरले, म्हणजे सुमारे एक्केचाळीस मिलिलिटर तेल. पंधरा दिवसांत गाडी सहाशे किलोमीटर चाले. त्या हिशेबाने जवळजवळ अर्धा लिटर तेल रस्त्यावर जात होते, पन्नास मीटरांस एक थेंब या बेताने. उभ्या गाडीखाली फरशीवर पडणारे तेल पंधरा दिवसांत चहाच्या चमचाभरही नव्हते. वहीतला जमाखर्च फरशी पाहून कोणास जुळणारच नव्हता.

उरला दुसरा अर्धा लिटर. त्यासाठी गाडी चोर्ला घाटात नेली आणि आम्ही स्कूटरवर मागे राहिलो. उतारावर गाडी गीअरमध्ये असते, पाय वर असतो, आणि तेव्हा मॅनिफोल्डमधली ओढ सर्वांत अधिक असते. वळण संपून पुन्हा पाय दाबताच मागच्या नळीतून निळ्या धुराचा लोट निघाला. काळा धूर पेट्रोलचा, निळा तेलाचा. व्हॉल्वच्या दांड्यांवरची रबरी सीले लाकडासारखी कडक झाली होती, आणि टॅपेट कव्हराखालचे तेल दांडीच्या कडेने आत ओढले जात होते. चाचा बांबोळीच्या इस्पितळात रोगी घेऊन जात, त्या दरेक खेपेस हे तेल घाटात जळत होते.

सीले बदलण्यास हेड उतरावे लागले नाही. उस्तादांनी प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरात सोडली आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टन वर आणला. दोरीची गादी होऊन व्हॉल्व जागच्या जागी टेकून राहिले. मग स्प्रिंगा काढून सीले बदलली, आणि दोरीचे एक टोक बाहेर ठेवलेले असल्यामुळे ती ओढून घेतली. गाइड थोडे झिजले आहेत, परंतु चालण्यासारखे आहेत. बोअरिंगची गरज नव्हती.

हा सगळा हिशेब लिहून मंडळापुढे ठेवला. सभेत ज्यांनी प्रश्न विचारला होता, त्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही; लोकांच्या दानाचा पैसा आहे, तो मोजलाच पाहिजे. वहीत फक्त ओतलेले तेल लिहिले जात होते, गेलेले लिहावयास रकानाच नव्हता. अहवाल वाचल्यावर त्या गृहस्थांनी स्वतःच किल्ली उचलली आणि चाचांच्या घरी नेऊन दिली. तेथे काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डायलिसिसच्या रोग्यास घेऊन गाडी वेळेवर इस्पितळात पोहोचली होती.

आज काटा स्लोवर सोळा दाखवितो. लिटरला सात किलोमीटर जाणारी गाडी दहा जाते, आणि लिटरभर तेल दोन महिने पुरते. फरशीवर मात्र रात्रीतून एकदोन थेंब अजूनही पडतात, आणि त्यावरून पुन्हा कोणी चिंता करू नये म्हणून सांगून ठेवतो. या एंजिनाच्या क्रँकला मागच्या टोकास रबरी सील नाही. उलट्या आट्यांची एक खाच आहे, ती फिरताना तेल परत चेंबरात ढकलते. एंजिन थांबले की खाचही थांबते, आणि उरलेसुरले तेल खाली उतरते. त्यासाठी एंजिन उतरवू नये, खाली पुठ्ठा ठेवावा, असे उस्तादांचे आणि आमचे मत आहे. जाळी मात्र दर तीन महिन्यांनी धुवावी, आणि आठवड्यातून एकदा गाडी तीसचाळीस किलोमीटर सलग चालवावी, म्हणजे एंजिन पुरते तापेल.

गाडी बाहेर पटांगणात उभी आहे, बॉनेट उघडे ठेवले आहे आणि काटा जोडलेला आहे. उस्तादही तेथेच आहेत. ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी चहानंतर यावे. मुलांनी पंख्यापासून दूर उभे राहावे.