डबलसीटचा भार आणि मागची स्प्रिंग



संध्याकाळच्या वेळी नागपुरात सदरला छिंदवाडा रोडच्या कडेला घटकाभर उभे राहून पाहा. जवळच्या सिव्हिल लाइन्समधली जिल्हा परिषदेची, कलेक्टर कचेरीची कामे उरकून माणसे मोटरसायकलींवर कोराडी-सावनेरकडे निघालेली दिसतील. पुष्कळजण डबलसीट, आणि मध्ये दाटून बसवलेली पिशवी. आता त्यांच्या दिव्यांकडे लक्ष द्या. कित्येकांचा उजेड रस्त्यावर पडायचा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी दोष दिव्याचाच असतो असे नाही. गाडी मागून दबते, म्हणून तिचे तोंड वर होते. पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन हँडलही हलके लागते.

यावर उपाय गाडीतच आहे. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटरसायकलींना मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असतात. मिस्त्री त्यांना 'शॉकअप' म्हणतात. त्यातली स्प्रिंग ओझे तोलते, आणि नळीतले तेल बारीक छिद्रांतून ये-जा करून स्प्रिंगची उसळी आवरते. जुन्या काळी अनेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे. काय ती भिस्त गादीखालच्या स्प्रिंगांवर. १९४९ च्या रॉयल एनफील्ड बुलेटला मागे झुलता दांडा आणि शॉकॲब्सॉर्बर होते. आज ही सोय साध्या गाडीलाही आहे, पण तिचा उपयोग करतो कोण?

स्प्रिंगच्या टोकाशी पायऱ्या कापलेले एक कडे असते. पुष्कळ गाड्यांत पायऱ्या पाच असतात. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. सायलेन्सर तापलेला असेल तर निवू द्या, नाहीतर हात भाजेल. मग आकड्याच्या पान्याने कडे एक-एक पायरी फिरवा. स्प्रिंग आखूड होऊ लागली, म्हणजे पायरी वरची लागली असे समजा. दोन्ही बाजूंना पायरी अगदी सारखी हवी. एकटे असाल तेव्हा खालची, मागे माणूस बसणार असेल तेव्हा वरची. एकट्याने वरच्या पायरीवर गाडी चालवली तर चाकाला खड्ड्यात उतरायला पुरेसा वाव राहत नाही, आणि गाडी आदळते.

शिक्षकमित्रांनी हा धडा शाळेच्या भिंतीसमोर घ्यावा. तिन्हीसांजेला गाडी भिंतीसमोर उभी करून उजेड कोठे पडतो तेथे खडूने खूण करावी. मग मागे एकाला बसवून पुन्हा खूण करावी. दोन खुणांतले अंतर मुलांना सगळे सांगून जाईल.

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडलेला नियमही येथे दाखवता येतो : जितका भार, तितकी दबण. समजा, वीस किलोला स्प्रिंग एक सेंटिमीटर दबते. कडे फिरवल्यावरही, बसल्या गाडीवर आणखी वीस किलो ठेवले की ती तेवढीच दबणार. म्हणजे कड्याने स्प्रिंगची ताकद वाढत नाही. दबलेली गाडी फक्त वर उचलली जाते. म्हणून 'पायरी वाढवली, आता तिघे बसा' हा हिशेब खोटा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही चालकामागे एकाच माणसाला मुभा दिली आहे. कंपनीच्या पुस्तकात ओझ्याची मर्यादा दिलेली असते, ती पाळावी. डबलसीटसाठी मागच्या टायरात हवा किती हवी, तेही तेथेच पाहावे.

एक परीक्षा आणखी करा. सीट जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली, किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर कड्याने काही साधणार नाही. मिस्त्रीकडून दोन्ही शॉकॲब्सॉर्बर एकदमच बदलून घ्या.

हँडल धरणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो सावरून बसतो. मागे बसलेल्या म्हाताऱ्या आईला तो दिसत नाही. स्प्रिंग तळाला टेकली की तो दणका सरळ तिच्या कण्यात जातो. तेव्हा तिला दवाखान्यात न्यायच्या दिवशी, निघण्याआधी पाच मिनिटे त्या कड्यासाठी काढा.