सेवा करणाऱ्याची सेवा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मी आज एका आजाराविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. पण ज्या घरांतून आपली मुले शाळेत येतात, त्याच घरांतली ही गोष्ट आहे.

आजी जोहरची नमाज पढून उठते आणि थोड्याच वेळात पुन्हा वजूला जाते. नमाज झाली, हे तिला आठवत नाही. संध्याकाळी ती गाठोडे बांधून माहेरी निघते. माहेरी आता कोणी उरलेले नसते. आपण म्हणतो, म्हातारचळ लागला. कोणी बाधा झाली म्हणतो. वास्तविक हा मेंदूचा विकार, स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढील दर शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना तो आहे. थायरॉइडचा दोष किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही विसर पडतो व तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून प्रथम डॉक्टरांना दाखवावे. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध मात्र आज नाही. मग उरते ती सेवा.

ही सेवा कोण करते? आपल्या कोकणात मुलगा आखातात असतो. तो पैसे वेळेवर पाठवतो, फोनही करतो. पण रात्री दोन वाजता कडी काढून बाहेर पडणाऱ्या सासूला धरून आणते ती सून. वृद्ध आईबापांसमोर त्रासिक शब्दही काढू नये, ही कुरआनची शिकवण आपण तिलाच ऐकवतो. ती मुलाला उद्देशून आहे, हे विसरतो. चार रात्री न झोपलेली बाई कधी ओरडली, तर तिच्या ईमानात खोट नसते. तिला झोप हवी असते.

इतरांनी हे ओळखले आहे. १९९२ साली केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना एकत्र आणतात. रुग्णाशी वाद घालू नये, त्याच्या कपड्यांत नाव व फोन क्रमांक शिवून ठेवावा, अशा साध्या गोष्टी माणसे तिथे एकमेकांकडून शिकतात. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनने रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे चालविली. तेवढे तास घरच्या माणसाला मोकळे मिळतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनीही आहे.

आपल्याकडे काय आहे? रविवारी रिकामे असणारे वर्ग आहेत, माजी विद्यार्थी आहेत, त्यांत डॉक्टर व परिचारिका आहेत. महिन्यातून एका रविवारी एक वर्ग उघडावा. एका खोलीत वृद्धांजवळ स्वयंसेवकांनी बसावे, शेजारच्या खोलीत सुना-लेकींनी मनातले बोलावे. आठवड्यातून दोन तास कोणी घरी जाऊन बसले, तर ती बाई निदान बाजारहाट करील, दवाखान्यात स्वतःला दाखवील. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, त्यास हात लावू नये. सदक्यातून हा खर्च भागेल. खर्च थोडाच आहे, वेळ मात्र द्यावा लागेल.

रुग्णाला उद्या आपले नावही आठवणार नाही. त्याची सेवा करणारीला मात्र आपण आलो होतो की नाही, हे जन्मभर आठवेल. अल्लाह आपणांस या कामाची तौफीक देवो. आमीन.