जुनी लूना विकू नका

पत्रिकेवर विषय छापला होता ‘कुटुंब आणि वाहन : एक सामाजिक चिंतन’. माइक हातात येताच बाईंनी तो मोडीत काढला. “चिंतन वगैरे संयोजकांचं. मला एवढंच विचारायचंय, की तुमच्या घरात गाडीची किल्ली कुणाच्या खिशात असते आणि बाकीच्यांच्या का नसते?” पहिल्या रांगेतल्या दोन-तीन जणांचा हात नकळत खिशाकडे गेला आणि पटांगणात पहिला हशा पिकला.

साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेचं हे चौथं पुष्प. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात घालून दिलेली रीत गावोगावी आली, त्यातलीच ही एक. मे महिना, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खर्जात गुरगुरणारे दोन उभे पंखे. वक्त्या साठीच्या पुढच्या. तीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवून आता निवृत्त झालेल्या. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाखाली जादा क्लच आणि ब्रेक असतो, त्यामुळे बोलताना त्यांचा उजवा पाय अजूनही मधूनच जमीन दाबतो. तिसऱ्या रांगेतून ते स्पष्ट दिसत होतं.

सुरुवातीला त्यांनी हात वर करायला लावले. लायसन्स कुणाकडे आहे? निम्म्याहून जास्त हात वर, त्यात बायकाही भरपूर. मग म्हणाल्या, “गेल्या महिनाभरात ज्यांनी गाडी चालवली त्यांनीच ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या.” बांगड्यांचा आवाज करत बरेच हात खाली गेले. बाईंच्या मते आपल्याकडे निम्मी लायसन्सं गाडीसाठी नसून ओळखपत्रासाठी काढलेली असतात. ती कपाटात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत राहतात.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या २१ टक्के घरांत दुचाकी आणि ४.७ टक्के घरांत चारचाकी निघाली. हे आकडे सांगून बाई थांबल्या. गणना करणारा विचारतो, घरात गाडी आहे का. ती कोण चालवतं हे तो विचारत नाही. घराला गाडी आहे म्हणजे घरातल्या सगळ्यांना गाडी आहे, असं सरकार धरून चालतं. “आणि नवरेही,” त्यांनी पुस्ती जोडली.

मग नेहमीची उदाहरणं त्यांनी भराभर उरकली. बर्था बेंझ १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह त्याचीच मोटार घेऊन माहेरी गेली, ते तुम्हाला माहीतच आहे. सुनीताबाई गाडी चालवायच्या आणि पुलं शेजारी बसायचे, तेही माहीत आहे. सौदी अरेबियात २०१८ पर्यंत बायकांना परवानगीच नव्हती, आपल्याकडे तशी बंदी कधी नव्हती. “म्हणजे आपल्याला ते निमित्तही नाही.” मुंबईकर लोकलमुळे शिकत नाहीत, अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुली नाइलाजाने शिकतात, हे एका वाक्यात आलं आणि गेलं. एकाच गावात, एकाच घरात, एकाच दारातल्या गाडीवर एक माणूस बसतं आणि दुसरं बसत नाही, त्याचं काय, यात त्यांना रस होता.

भीती, बेफिकिरी, पुरुषी वर्चस्व, वेळ नसणं ही सगळी उत्तरं त्यांनी ऐकून सोडून दिलेली. तीस वर्षांत त्यांचं एक मत पक्कं झालंय. माणूस गाडीवर शिकत नाही, पोचे आलेल्या गाडीवर शिकतो. घरात कर्ज काढून नवी गाडी येते, तिला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. ओरखडा पडला तर घर दोन दिवस बोलत नाही. मग ज्याला आधीपासून येतं तोच चालवतो. तोच चालवतो म्हणून त्याचाच हात बसतो, आणि त्याचाच हात बसलाय म्हणून दुसऱ्याला द्यायची नाही. त्यात विम्याची भर. पाच वर्षं क्लेम केला नाही की नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर जातो. “हा बोनस वाचवायला किती बायका क्लचपासून लांब ठेवल्यात, त्याचा हिशेब विमा कंपनीकडे नसणार,” असं म्हणून त्या पाणी प्यायल्या. पुरुषांनीही टाळ्या दिल्या, जरा उशिरा.

एकदा हे मत मांडल्यावर त्यांनी सगळं काही त्याच खुंटीवर टांगायला घेतलं. आपल्या साताऱ्याच्याच सुरेखा यादव यांनी २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली आणि २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत. ते का जमलं? “कारण इंजिन घरच्या हप्त्यावर घेतलेलं नव्हतं!” कऱ्हाडच्या तंत्रनिकेतनातली विद्युत अभियांत्रिकीची पदविका आणि पुढची अनेक वर्षांची नोकरी या विनोदाखाली झाकली गेली. पण पटांगण हसण्याच्या मूडमध्ये होतं आणि तेवढं बाईंना पुरे होतं.

मोटार वाहन नियमांतली एक गोष्ट मात्र त्यांनी नेमकी पकडली. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी नियमाने सक्तीची आहे, मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. तिला सगळे साडीगार्डच म्हणतात. मागे बसणाऱ्याला धरायची दांडी सक्तीची, पाय ठेवायची सोय सक्तीची. बाईमाणूस मागेच बसणार, हे नियम करणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

बोलण्यात लूना आली तेव्हा साडेसात होऊन गेले होते. ठरल्याप्रमाणे ही आठवण दोन मिनिटांची होती. ती पंचवीस मिनिटं चालली.

लूना पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये काढली. ५० सीसी, गिअर नाही, सायकलसारखी पायडलं. त्या काळी बजाज चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाईंच्या सासरी थोरल्या दिरांचा नंबर लागला, चेतक दारात आली आणि आधीच्या लूनेला गिऱ्हाईक मिळेना. हँडल जरा डावीकडे कललेलं, सीट फाटून काथ्या बाहेर आलेला. ती पडवीत सरपणाशेजारी उभी राहिली. चेतकला हात लावायची कुणाची छाती नव्हती. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, इंजिनाचं वजन एका अंगाला, सुरू होईना तर आडवी करून उभी करायची. लूनेवर मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं.

पहाटे पाचला बाई आणि थोरल्या जाऊबाई लूना बंदच ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायच्या. सासऱ्यांची झोप हलकी होती. मैदानावर गेल्यावर पायडल मारायचं, भर्र झालं की पुढे काय ते दोघींनाही ठाऊक नसायचं. “जाऊबाई पळत मागून ओरडायच्या, ‘थांबव गं!’ आणि मला थांबवायचं कसं तेच शिकायचं राहिलेलं.”

तिसऱ्या आठवड्यात कॅरिअरला दळणाचा डबा बांधून दोघी गिरणीतून परत निघाल्या. गटारावरच्या फरशीवर चाक घसरलं. डबा उघडला, ज्वारीचं पीठ रस्त्यावर. वरवरचं हाताने भरून घेतलं, खालचं चिमण्यांना सोडलं. घरी आल्यावर सासूबाईंनी डबा उचलून पाहिला. शेरभर तूट आली म्हणाल्या, गिरणीवाला लबाड झालाय. दोघी गप्प. दुपारी सासूबाई पडवीत सरपण काढायला गेल्या आणि मडगार्डच्या आत बोटभर पीठ दिसलं.

“पडलात ना?”

“हो.”

“लूनेला काय झालं?”

“तिला आता काय व्हायचं राहिलंय, आई?”

“मग उद्या मला दवाखान्यात सोड.”

इथे पटांगण खरंच गप्प झालं होतं. सासूबाईंनी दवाखान्यापर्यंत खांदा इतका आवळून धरला की रात्री तिथे शेक घ्यावा लागला, हेही बाईंनी सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी चेतकवरून नेणाऱ्या मुलाला त्या म्हणाल्या, “नको, तू फार जोरात नेतोस.”

त्याच वेळी अध्यक्षांची पहिली चिठ्ठी आली. बाईंनी ती वाचली, घडी करून पर्समध्ये टाकली आणि १९८४ च्या कायनेटिक होंडाकडे वळल्या. बटणावर सुरू होणारी, गिअर बदलावे न लागणारी ती पहिली खरी स्कूटर, मुली तिच्यामुळे शिकल्या असं सगळे म्हणतात. बाईंना ते पटत नाही. मुली तिच्यावर शिकल्या खऱ्या, पण थोरल्या बहिणीने आधी आपटून ठेवलेल्या कायनेटिकवर. यावर काही जणींनी माना डोलावल्या. बाकी गिअर, बटण, वजन, उंची यांचा काहीच वाटा नाही, असं म्हणणं जरा फारच झालं. साडी नेसून किक मारायची आणि बटण दाबायचं यातला फरक त्यांच्या स्वतःच्याच गोष्टीत दिसत होता.

प्रश्नोत्तरांत सफारी घातलेले एक गृहस्थ उठले. आवाजात थोडी धार होती. “मी आमच्या हिला नको म्हणतो ते काळजीपोटी. रस्ते बघताय ना?” बाई म्हणाल्या, देशात रस्त्यावर मरणाऱ्या पाच माणसांत चारहून जास्त पुरुष असतात, तेव्हा काळजी कुणी कुणाची करायची ते ठरवा. जोरदार टाळ्या. रस्त्यावर मुळात पुरुषच जास्त असतात, हे या हिशेबात धरलेलं नव्हतं. गृहस्थांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मात्र पंख्याकडे बघत हसत होत्या.

मग मागून कुणीतरी विचारलं, “बाई, तुमचे यजमान चालवतात का?”

बाई क्षणभर थांबल्या. “नाही.” पुन्हा थांबल्या. “आमच्या घरात जुन्या गाड्यांची कमी नव्हती, पण त्यांना मुळात हौसच नाही. ते अपवाद समजा.” हशा झाला. पहिल्या रांगेत मांडीवर पर्स सांभाळत बसलेले एक शांत गृहस्थ अर्धवट उठले आणि त्यांनी सभेला नमस्कार केला.

खरा पेच पुढच्या प्रश्नाने टाकला. कॉलेजातली एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी जुनी अ‍ॅक्टिव्हा होती. नवी गाडी आल्यावर ती विकली नाही, दादाला दिली. मग दादाला मोटरसायकल मिळाली आणि अ‍ॅक्टिव्हा आतेभावाकडे गेली. “म्हणजे जुनी गाडी ठेवली तरी ती माझ्यापर्यंत येत नाही, मॅडम.”

बाईंचा उजवा पाय जमीन दाबत राहिला. “बरोबर आहे,” म्हणाल्या. मग, “किल्ली कुणाच्या नावावर, हे आधीच ठरवून टाकायचं,” म्हणाल्या. पण कोणी ठरवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. अध्यक्षांची तिसरी चिठ्ठी आली होती.

उरलेलं चार मिनिटांत कोंबलं. वय झालं असं म्हणू नका, चाळिशीनंतर कायदा फक्त डॉक्टरचा दाखला मागतो. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, लाल अक्षरातला ‘एल’ लावा, शेजारी परवाना असलेला माणूस बसवा, आणि तो नवरा नसला तर उत्तम. क्लच जमत नसेल तर २०१४ मध्ये सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही आपोआप गिअर बदलायची सोय आली आहे. आणि एक्स्चेंज बोनसच्या नादाने जुनी गाडी देऊ नका. “पंधरा-वीस हजारांसाठी घरातला एक ड्रायव्हर विकू नका हो!” आभार मानणारे उठून उभे राहिलेच होते. अध्यक्षांनी समारोपात कबूल केलं की त्यांना स्वतःला गाडी येत नाही, सून सोडायला येते आणि ती बाहेर ताटकळली आहे. म्हणून वेळेची घाई. हे आधी कळलं असतं तर चिठ्ठ्यांचा राग आला नसता, असं बाई म्हणाल्या.

बाहेर फाटकापाशी बाईंची जुनी वॅगन आर उभी होती, मागच्या बंपरला दोन पोचे. यजमान शाल-श्रीफळ काखेत घेऊन मागे उभे राहिले आणि हाताने खुणा करू लागले. “येऊ दे, येऊ दे... अजून येऊ दे...” बरोबरच्या मंडळींना ते इतकं सवयीचं वाटलं की कुणी मागे पाहिलं नाही. तुळशीच्या कुंडीला बंपर लागल्याचा आवाज झाला. बाई उतरल्या, बंपरवर हात फिरवून पाहिला, कुंडी सरळ केली. यजमान डाव्या दाराने आत बसले आणि गाडी पोवई नाक्याच्या दिशेने निघून गेली.