'एडीएम जबलपूर' म्हणजे काय?



कायदा शिकणाऱ्या मुलाला आमचं शहर विचारलंत, तर तो भेडाघाटच्या आधी 'एडीएम जबलपूर' म्हणेल. एडीएम म्हणजे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी. समोर होते शिवकांत शुक्ल, आणीबाणीत 'मिसा'खाली डांबलेले.

आधी एक फरक नीट समजून घ्या. चोरीच्या आरोपावरून अटक झाली, तर राज्यघटनेचं कलम २२ पाठीशी असतं. अटकेचं कारण सांगायचं, वकील भेटू द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायाधीशासमोर उभं करायचं. स्थानबद्धतेत मात्र आरोपच नसतो. पुढे काही कराल, या संशयावर उचलतात. आणि त्याच कलम २२ ने या माणसाला २४ तासांच्या नियमातून वगळलंय. म्हणजे चोराला हक्क जास्त, संशयिताला कमी! त्याच्यासाठी एक मोठा दरवाजा असतो: उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'या माणसाला का धरलंय ते दाखवा' असा अर्ज.

२७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तोही बंद झाल्याचं सरकार म्हणू लागलं. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. आदेश कायद्यात बसतो का, एवढं तरी आम्ही तपासणार, असं म्हटलं. इतरही अनेक उच्च न्यायालयं तेच म्हणाली, त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं.

प्रकरण दिल्लीला गेलं. न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने वैरातून कुणाला मारून टाकलं, तरी दाद नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूने. चारांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकटे खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही कलम २० आणि २१ चं संरक्षण थांबवता येत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकालच मोडीत काढला. मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड, त्याच यशवंतरावांचे चिरंजीव.

मी फौजेतला माणूस. शिस्तीसाठी हक्क बाजूला ठेवावे लागतात, असं लोक मला ऐकवतात. अहो, फौजेतसुद्धा जवानावरचा आरोप कमांडिंग ऑफिसर त्याच्या समोरच ऐकतो, आणि साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारायची त्याला पूर्ण मोकळीक असते. शिस्त त्याने बिघडत नाही.

स्थानबद्धता मात्र संपलेली नाही. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आजही १२ महिन्यांपर्यंत ठेवता येतं. म्हणून घरातल्या कुणाला नेलं, तर पहिला प्रश्न हा विचारा: अटक आहे की स्थानबद्धता? पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

अटक असेल तर कारणं लेखी मागा. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कोणत्याही गुन्ह्यात कारणं लेखी द्यायची, आणि माणसाला समजेल त्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा. साताऱ्याचा ट्रकचालक इथे जबलपुरात पकडला गेला आणि त्याला हिंदी वाचता येत नसेल, तर त्याने मराठीत कागद मागावा.